तीन लिटरचा वास

बाइंडरच्या पाठीमागे सगळी गल्ली त्याला 'शिकंजा' म्हणायची. शिकंजा म्हणजे बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचं लाकडी यंत्र. एकदा त्याचा स्क्रू आवळला की आतलं पुस्तक सकाळपर्यंत हूं की चूं करत नाही. बाइंडरचं डोकं त्याच जातीचं होतं. एका शब्दकोशाचं एक पान उंदराने फस्त केलं होतं, गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या हो, एका पानाने काय होतंय." याला राहवेना. चार दिवस वाचनालयात बसून त्याने ते पान बारीक अक्षरात उतरवून आणलं आणि जागच्या जागी शिवलं. गिऱ्हाइकाने ते पान पुढे कधी उघडलं की नाही, देव जाणे. बाइंडरला मात्र त्या रात्री झोप चांगली लागली.

असा हा माणूस. वय साठीला टेकलेलं, बोटांना कायमची खळ चिकटलेली, आणि नाक कामातून गेलेलं. चाळीस वर्षं मैद्याची खळ शिजवून, चामडं सोलून, जुन्या दप्तरांची धूळ खाऊन त्याच्या नाकाने कधीच निवृत्ती घेतली होती. भाजी करपली तर बायको खोकायला लागल्यावर त्याला कळायचं. बायकोला दमा. म्हणजे एकाच घरात एक नाक काहीच न सांगणारं आणि एक छाती सगळंच सांगणारी, असा तो संसार चौतीस वर्षं चालला होता. दुपारी ती कागदाच्या घड्या घालायची, तो शिवायचा, आणि दोघं मिळून गल्लीतल्या प्रत्येकाची हजेरी घ्यायची.

पुढची खोली म्हणजे कारखाना. मधोमध भलंमोठं टेबल, कोपऱ्यात शिकंजा, भिंतीला पुठ्ठ्यांच्या थप्प्या, आणि टेबलाखाली रॉकेलचा स्टोव्ह. खळ टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, आणि ते विष. "तुमचं विषाचं पातेलं माझ्या गॅसवर चढायचं नाही," असं बायकोने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सुनावलं होतं. तेव्हापासून स्टोव्ह बाहेर आणि गॅस आत, अशी सरहद्द आखलेली होती.

शनिवारी सकाळी बाइंडरने स्टोव्ह भरला आणि रॉकेलच्या कॅनचं झाकण नुसतं वर ठेवलं. फिरवलं नाही. मग टेबलाखाली पुस्तकांचा गठ्ठा पायाने सरकवला, त्या गठ्ठ्याने कॅन आडवा केला, आणि बाइंडर वर बसून तासभर मन लावून शिवत राहिला.

आतून बायको म्हणाली, "अहो, कसला तरी वास येतोय."

"खळीचा असेल."

"खळ अजून केलीच कुठं तुम्ही?"

"मग कालच्या खळीचा."

थोड्या वेळाने तिला खोकल्याची उबळ आली. त्याने खाली पाहिलं तर चपला ओल्या, फरशी चकाकतेय, आणि कॅन शेवटचे दोन घोट टाकत निवांत पडलेला.

शेजारचा वायरमन आरडाओरडा ऐकून धावत आला. तिशीचा गडी, जीभ कामापेक्षा चपळ. त्याने आधी बाहेरच्या भिंतीवरचं मेन स्विच बंद केलं. "काका, पंख्याचं बटण नाही, दिवा नाही, आणि काडी तर स्वप्नातसुद्धा ओढू नका. खिडक्या उघडा सगळ्या. काकू, तुम्ही आधी बाहेर या बघू." स्टोव्ह, कॅन आणि पुस्तकांचे गठ्ठे त्यानेच उचलून आपल्या व्हरांड्यात नेले.

अर्ध्या तासात मुलगी आली. ती दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे वडिलांशीसुद्धा ती रुग्णाशी बोलावं तसंच बोलायची.

"किती सांडलं, बाबा?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"स्टोव्ह भरून कॅनमध्ये पाच लिटर होतं. आता दोन उरलंय."

"म्हणजे तीन लिटर थोडंसं." तिने आईच्या हातात पंप दिला, पाठीवरून हात फिरवला, आणि मग वडिलांकडे वळली. "आईला मी घेऊन चाललेय. पुढच्या रविवारी घेऊन येईन. वास असला तर तशीच परत नेईन, आणि मग ती माझ्याकडेच राहील. कायमची. मी खोली तयारच ठेवलीय. तुम्ही आणि तुमचं टेबल, दोघं सुखानं नांदा."

बायको गाडीत बसताना म्हणाली, "मला वासाचं काही नाही हो. पण ही छाती माझं ऐकत नाही." तिने डोळ्यांना पदर लावला, रॉकेलमुळे की कशामुळे ते कळायला मार्ग नव्हता.

बाइंडर एवढंच म्हणाला, "रविवारी ये."

डोक्यातला स्क्रू आवळला गेला होता.

पहिली गोष्ट त्याने बरोबर केली. वायरमनने सांगितलं होतं, पाणी लावू नका, आधी कोरडं काहीतरी टाका, भुसा, माती, जे असेल ते. बाइंडरच्या घरात कोरडं म्हणजे एकच, मैदा. डबाभर मैदा त्याने फरशीवर उपडा केला. मैद्याने रॉकेल गटागटा पिऊन घेतलं, पिवळट ढेकळं झाली, ती त्याने सुपलीने भरून बादलीत टाकली आणि बादली झाकून मागच्या मोकळ्या जागेत ठेवली. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं.

पण सांध्यांमध्ये थोडा मैदा राहिला होता. आणि मोरीत बायकोने अंघोळीसाठी तापवलेलं पाणी अजून कढत होतं. आता चाळीस वर्षं ज्या माणसाने मैदा दिसला की त्यावर कढत पाणी ओतलंय, त्याच्या हातांना दुसरं काय सुचणार? त्याने मोरीतली ती बादली आणली, ओतली, आणि खराट्याने गोल गोल घोटायला सुरुवात केली. हात तर असा लागला होता की गुठळी म्हणून राहिली नाही. खळ दाटून आली तशी त्याने सवयीने मोरचुदाच्या डबीकडे हात नेला, आणि तिथं तो थांबला.

वायरमन दारातून बघत होता. "काका, हे काय केलंत?"

बाइंडर खाली पाहत राहिला. फरशीच्या एकूण एक सांध्यात रॉकेलची उत्तम प्रतीची खळ बसली होती.

"चिकटवलं," तो म्हणाला.

"वास चिकटवलात? वा! आता पुठ्ठा लावा वरून, शंभर वर्षं हलायचा नाही."

रविवारी सकाळी दूधवाली आली. तिचं नाक म्हणजे गल्लीतलं सगळ्यात तल्लख नाक. रोज पन्नास घरची भांडी हुंगून मगच दूध ओतायची. कुणी भांडं नीट घासलेलं नसेल तर तिथल्या तिथे उद्धार व्हायचा. ती नळापाशीच थांबली आणि पदर नाकाला लावून ओरडली, "बाइंडरदादा, भांडं घेऊन इकडं या! दूध वास धरतं, मी नाही यायची तिथं."

तो भांडं घेऊन गेला. "कुठपासून येतोय वास?"

"कोपऱ्यावरच्या खांबापासून."

त्याने दारापासून खांबापर्यंत पावलं मोजली. एक्केचाळीस. घरी येऊन कॅलेंडरवर लिहिलं, 'खांब, ४१'. स्वतःचं नाक नाही तर दुसऱ्याचं वापरायचं, पण मोजमाप आपलं ठेवायचं. डोकं नाकाइतकं बाद झालेलं नव्हतं.

मग सुरू झालं खरं युद्ध. चामडं सोलायची रापी आणि घड्या घालायची हाडाची पट्टी घेऊन तो फरशीवर पालथा पडला आणि एकेक सांधा कोरायला लागला. सोमवार आणि मंगळवार, सकाळपासून उजेड असेपर्यंत. कोरलेला चिकटा कागदावर घ्यायचा, कागद बाहेरच्या बादलीत, मग भांडी घासायचा साबण कोमट पाण्यात फेसून ब्रशने सांधा घासायचा, फडक्याने टिपायचं, पुन्हा साबण, पुन्हा पाणी. फडकी तो एकावर एक न टाकता मागच्या दोरीवर सुटी सुटी वाळत घालायचा. बोळे करून ठेवली तर पेट घेतात, असा वायरमनचा दम होता. घासलेल्या भागावर तो खायचा सोडा पेरायचा आणि सकाळी झाडून काढायचा. खालच्या गठ्ठ्यातल्या तीन वह्यांना वास लागला होता. त्या पानं पंख्यासारखी पसरून पत्र्याच्या पेटीत उभ्या केल्या आणि शेजारी वाटीभर सोडा ठेवला. त्याच्या गुडघ्यांची सालं निघाली, पण कॅलेंडरवर 'नळ, १८' लागलं.

बुधवारी वायरमनने प्रेमापोटी घात केला. गुलाबाच्या वासाचा फवारा आणून त्याने खोलीभर मारला. "बघा काका, कसं बागेत बसल्यासारखं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी दूधवाली पायरीपर्यंत आली, आणि तोंड वाकडं करून उभी राहिली. "दादा, गुलाबाला रॉकेल पाजलंत का काय? परवाचं परवडलं. निदान एकच वास होता."

"पण पायरीपर्यंत आलात ना?"

"आले खरी."

'पायरी, ३.' आणि तिथंच गाडी अडली. त्याने पुन्हा सगळी फरशी धुतली, व्हिनेगरच्या पाण्याने पुसली, भिंतीचा खालचा हातभर भाग घासला. संध्याकाळी दळण घेऊन चाललेल्या एका अनोळखी माणसाला धरून त्याने दारात उभं केलं आणि "जरा हुंगा" म्हणून विनंती केली. त्या गृहस्थाने आधी बाइंडरकडे पाहिलं, मग भीत भीत हुंगलं, आणि म्हणाला, "आहे थोडा. रॉकेलचा, नाही का?" आणि झपाझप निघून गेला.

रोज संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. जेवलात का, कुठं ठेवलंय ते सापडलं का, वगैरे. वासाचं ती विचारत नव्हती. तोही सांगत नव्हता. गुरुवारी मात्र ती म्हणाली, "पोरीने खिडकीला पडदेसुद्धा लावलेत माझ्या खोलीच्या. निळे." बाइंडर म्हणाला, "छान." 'माझ्या खोलीच्या' हे दोन शब्द त्याला रापीसारखे लागले होते.

फोन ठेवून तो उगाच एक कागद घेऊन बसला. हाताला चाळा म्हणून त्यावर पाण्याचं बोट ओढलं. कागद लगेच एका अंगाला वळला. कागदाला धागा असतो. तो पाणी पितो ते धाग्याच्या दिशेने, आणि ज्या टोकाला धागा तुटलेला तिथून तर नळीने प्यावं तसं ओढून घेतो. हे बाइंडरला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं. तो त्या कागदाकडे बघत बसला आणि मग त्याने मान वळवून टेबलाच्या पायाकडे पाहिलं.

लाकडालाही धागा असतोच की. आणि टेबलाचे पाय म्हणजे धागा तुटलेली टोकं, तासभर रॉकेलमध्ये उभी.

नाकाचा भरवसा नव्हता, पण डोळे शाबूत होते. त्याने टिपकागदाच्या पट्ट्या कापल्या आणि खोलीत जे जे म्हणून होतं त्याला लावल्या. फरशीचे सांधे, भिंत, शिकंज्याची बैठक, दाराची चौकट आणि टेबलाचे चारही पाय. वर दोरी आवळली, जड वजनं ठेवली. शुक्रवारी सकाळी एकेक पट्टी काढून खिडकीच्या उजेडात धरली. सांधे कोरडे. भिंत कोरडी. शिकंजा कोरडा. खिडकीकडच्या दोन पायांच्या पट्ट्यांवर मात्र तेलकट, पारदर्शक डाग उमटला होता, असा की त्यातून पलीकडचं झाड दिसावं.

त्या टेबलाची गोष्ट अशी की ते त्याच्या उस्तादाचं होतं. उस्तादाने डोळे गेल्यावर धंदा सोडला तेव्हा ते याला दिलं, आणि ते आत आणायला दाराची चौकट काढावी लागली होती. आत आणल्यावर चौकट पुन्हा बसवली. त्यामुळे टेबल उन्हात काढणं शक्य नव्हतं. घर आणि टेबल आता एकमेकांना शिवलेली होती. त्या लाकडावर बाइंडरने कधी चहाचा कप ठेवू दिला नव्हता. मुलगी लहान असताना तिने त्यावर खिळ्याने बदक कोरलं, तर दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

त्याने पायाला सोडा बांधून पाहिला. साबण लावला. दुपारी पुन्हा टिपकागद, पुन्हा डाग. तेव्हा तो उठला आणि पुस्तकाच्या पाठीला खाचा पाडायची बारकी करवत घेऊन आला.

वायरमन म्हणाला, "काका, करवत मागून आणतो की सुताराची."

"त्याच्याकडून येईपर्यंत माझा विचार बदलेल."

"या करवतीनं? माझी पोरगी तीन वर्षांची आहे. तिच्या लग्नाला एक पाय कापून होईल तुमचा."

"तू टेबल उचलून धर. तोंड मिटून जमतंय का बघ."

वायरमनने विटा रचून टेबल टेकवलं. डाग चार बोटं चढला होता. बाइंडरने पाचव्या बोटावर रेघ मारली. पोरीचं बदक वाकडं असलं तरी चालेल, पण ही रेघ सरळ पाहिजे, असा त्याचा चेहरा होता. पहिल्या पायाला तीन तास लागले, दुसऱ्याला त्याहून जास्त. भुसा पडायचा तो त्याने ओल्या फडक्यावर धरला. शेवटचा तुकडा टपकन पडला तेव्हा तो उचलून नाकाशी नेला. काही कळलं नाही. वायरमनच्या नाकाशी नेला.

"अहाहा," वायरमन मागे सरला. "हाच तो. पकडला चोर."

वायरमन ते तुकडे, कॅनमधलं उरलेलं रॉकेल आणि स्टोव्ह घेऊन ओळखीच्या गॅरेजमध्ये गेला. तिथं यंत्रं धुवायला रॉकेल लागतंच. आता टेबल दोन पायांवर उभं आणि दोन पायांनी लुळं. लाकडी ठोकळे मिळाले असते, पण बाइंडरला दुसऱ्याचं लाकूड नको होतं. पुठ्ठ्यावर पुठ्ठा चिकटवून दाबला की तो लाकडाला हार जात नाही. फक्त त्याला खळ लागते. आणि खळ शिजवायला आता घरात एकच जागा होती.

त्याने फोन लावला. चौतीस वर्षांत त्याने असा फोन केला नव्हता.

"अगं, एकदा गॅसवर खळ करू का? मोरचूद नाही घालत."

तिने विचारलं, "स्टोव्हला काय झालं?"

"दिला."

"कुणाला?"

"देऊन टाकला. परत येणार नाही तो."

मग ती म्हणाली, "डाव्या हाताच्या फळीवर छोटं पातेलं आहे ते घ्या. आणि घासून ठेवा. तुमच्यासारखं नाही, माझ्यासारखं."

शनिवारभर ते दोन ठोकळे शिकंज्यात होते. रविवारी पहाटे त्याने ते काढले, कोपरे घासले, वरून काळं कापड चढवलं आणि पायांखाली बसवले. टेबल तसूभर हललं नाही. जाडजूड ग्रंथांवर उभं असल्यासारखं मात्र दिसायला लागलं.

दूधवालीची वाट बघत तो पायरीवर बसला होता. ती आली, तडक दारात आली, भांडं घेतलं आणि दूध ओतलं.

"काय म्हणतोय वास?" त्याने श्वास रोखून विचारलं.

दूधवालीने नाक ओढलं. "काही कळंना बघा, दादा. कालपासून सर्दी झालीय."

बाइंडरने कपाळाला हात लावला.

दहा वाजता गाडी आली. मुलगी आधी उतरली. आईला तिने गाडीपाशीच थांबवलं आणि एकटी आत गेली. दार, चौकट, भिंत, सांधे. ती गुडघ्यावर बसून टेबलाखाली शिरली, काळ्या ठोकळ्यांवर बोट फिरवलं, मग कापलेल्या पायांवर. तिथं ती जरा जास्त वेळ थांबली. बाइंडर दारात हात बांधून उभा होता, तोंडी परीक्षेला उभं राहावं तसा.

"इथे काही नाही," ती म्हणाली. मग उठली, दाराशी आली, आणि तिचं नाक आक्रसलं. "आहे. इथे आहे."

"अगं, चौकट मी दोनदा—"

"बाबा, हलू नका." तिने वाकून पाहिलं. "चपला. त्या दिवशी याच होत्या ना पायात?"

चामड्याच्या चपला. आठ दिवस तो त्याच घालून त्याच फरशीवर फिरत होता. सगळ्या घरादाराला टिपकागद लावला, आणि स्वतःच्या पायांना लावायचा राहून गेला होता.

गाडीपाशी त्याची बायको तोंडावर पदर धरून हसत होती. बाइंडरला इतका राग आला, आणि तिचं हसू बघून इतकं बरं वाटलं, की दोन्ही एकदम चेहऱ्यावर मावेनात.

मुलीने फैसला दिला. "चपला बाहेरच्या बादलीत. तुम्ही नळावर. पाय साबणाने, तीनदा. आई अर्धा तास आत बसेल. बॅगा गाडीतच राहू देत. अर्ध्या तासात खोकला नाही आला, तर बघू."

बायको अनवाणी बाइंडरच्या शेजारून आत गेली. जाताना त्याच्याकडे न बघता पुटपुटली, "पातेलं घासलंय ना?"

तो नळावर बसला आणि पाय घासू लागला. नळ अठरा पावलांवर, पण खिडक्या उघड्या होत्या आणि कान चांगले होते. आत खुर्ची सरकली. भांडं वाजलं. दोघी काहीतरी बोलल्या. मग कुणीतरी खाकरलं. त्याच्या हातातला साबण निसटून गटारापर्यंत गेला. तो उठला नाही. पुन्हा आवाज आला, पण तो मुलीचा होता. घसा साफ करून ती फोनवर कुणाला तरी झापत होती. त्याने साबण शोधून आणला आणि चौथ्यांदा पाय धुतले. मग पाचव्यांदा. टाचांच्या भेगा पांढऱ्याफटक पडल्या.

दार उघडलं. मुलगी बाहेर आली, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता गाडीपाशी गेली, मागचं दार उघडलं आणि आईची बॅग ओढून बाहेर काढली.

"बघताय काय?" ती म्हणाली. "दुसरी जड आहे, ती तुम्ही घ्या. पण आधी पाय पुसा."